थांबून राहिली

शालिकराम चरडे इलेक्ट्रिकल मशीन्सच्या प्रॅक्टिकलला दोनदा नापास झाला, आणि दोन्ही वेळा त्याला विजेनं नाही, क्रियापदानं मारलं. विजेनं मारलं असतं तर घरी सांगायला तरी बरं होतं.

घर काटोलकडच्या एका गावात. वडील रुपराव यांची संत्र्याची बाग होती आणि विहिरीवर नवाकोरा इलेक्ट्रिक पंप होता. पोरगा नागपुरात मोटारीच शिकतो म्हटल्यावर पंप बंद पडला की रुपराव मेकॅनिकच्या आधी पोराला पोस्टकार्ड टाकत. "पंप थांबला. तू कधी पास होणार?" दोन्ही गोष्टी एकाच दमात, जणू एकाच तारेवर आहेत. शालिकराम उलट टपाली लिही, "पास होऊन राहिलो."

आता हे जरा उकलून सांगायला पाहिजे, कारण सगळी भानगड इथेच आहे. नागपूरकडे 'जेवून राहिलो' म्हणजे जेवण चालू आहे, घास तोंडात आहे, बोलायला लावू नका. 'येऊन राहिलो' म्हणजे रस्त्यात आहे. तेव्हा 'पास होऊन राहिलो' म्हणजे काम प्रगतीपथावर आहे. पुण्याकडे मात्र 'राहिलं' म्हटलं की माणसं हळहळतात. जेवण राहिलं, अभ्यास राहिला, दोन विषय राहिले. तिकडे राहिलं ते गेलंच. महाराष्ट्र एक झाला त्याला पंधरा-सोळा वर्षं होत आली होती, पण या एका क्रियापदापर्यंत ती बातमी पोचली नव्हती.

ती पोचली नसल्याचं शालिकरामला पहिल्यांदा कळलं ते एकोणीसशे पंचाहत्तरच्या एप्रिलमध्ये. बाहेरचे परीक्षक होते पुण्याचे प्राध्यापक दात्ये. चव्वेचाळीस डिग्री उन्हात टाय बांधून फिरणारा त्या दिवशीचा नागपुरातला बहुधा एकमेव माणूस. तोंडी परीक्षा नियमाप्रमाणे इंग्रजीत सुरू व्हायची आणि दोनच मिनिटांत दोन्ही बाजूंना एकमेकांची दया येऊन मराठीत उतरायची. त्याप्रमाणे उतरली. दात्ये सरांनी विचारलं, "रीडिंग्ज घेतली?"

"घेऊन राहिलो सर," शालिकराम म्हणाला. एक डोळा मीटरवर होता, हातात पेन्सिल होती.

"राहिलो?" दात्ये सर म्हणाले. "कशी राहिली? दोन तास दिले होते ना?"

"घेऊनच राहिलो नं सर!"

"पुन्हा तेच. अहो, राहिली हे कळलं मला. का राहिली, ते विचारतोय."

शालिकरामला वाटलं, सरांना ऐकायला कमी येतं. म्हणून तो मोठ्यानं ओरडला, "घेऊन राहिलो!" दात्ये सरांनी वहीत लिहिलं: रीडिंग्ज घेतली नाहीत, वर आवाज चढवतो.

पहिली संधी अशी गेली. दुसरी दिवाळीनंतरच्या पुरवणी परीक्षेत आली, आणि ती जास्त प्रेक्षणीय होती.

मशीन्स लॅबमध्ये एकूण सहा जोड्या होत्या. जोडी म्हणजे एक डी.सी. मोटर आणि तिला कपलिंगनं, म्हणजे चार बोल्टच्या एका गोल तबकडीनं, बांधलेला जनरेटर. जोडी नंबर चार सगळ्यांत म्हातारी. कॉलेज उघडलं तेव्हा ती कुठूनतरी जुनीच आणली होती, आणि तिच्याबरोबरच लॅब असिस्टंट भैय्याजी आले, असं म्हणत. भैय्याजींची खाकी पँट, कानामागे बिडी आणि खिशात तारा सोलायचा चाकू या तीन वस्तू कॉलेजच्या नोंदवहीत असाव्यात, इतक्या त्या कायम होत्या. कोणत्या विद्यार्थ्याला कोणता प्रयोग, ते बिस्किटाच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांवर ठरे आणि डबा भैय्याजी हलवीत. शालिकरामच्या हाती दर वेळी नंबर चार लागे.

"भैय्याजी, तुम्ही डबा नीट हलवत नाही."

"हलवला नं गा. तुह्या नशिबाले कोण हलवून राहिलं?"

दिवाळीच्या वेळी त्याला चिठ्ठी आली रिटार्डेशन टेस्टची. या प्रयोगात मोटर नेहमीपेक्षा थोडी जास्त पळवायची, मग आर्मेचरची, म्हणजे फिरणाऱ्या भागाची, वीज तोडायची आणि हातात घड्याळ घेऊन ती किती वेळात मंदावते ते मोजत बसायचं. त्यावरून यंत्रात घर्षणात वगैरे किती शक्ती वाया जाते ते काढायचं. थोडक्यात, इंजिनियरिंगच्या अख्ख्या अभ्यासक्रमात हा एकच प्रयोग असा की यंत्र थांबत असतं आणि विद्यार्थी नुसता बघत असतो. शालिकरामला तो मनापासून आवडे.

त्यानं वीज तोडली, घड्याळ दाबलं. मागून दात्ये सर आले. टाय तोच.

"काय चाललंय?"

"मोटर थांबून राहिली सर."

दात्ये सरांनी कपलिंगकडे पाहिलं. आता ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करते. मोटर मिनिटाला पंधराशे फेरे घेत असली की दर उघडझापीला एका बोल्टच्या जागी दुसरा बोल्ट बरोबर येऊन हजर होतो आणि डोळ्याला वाटतं, काहीच हललेलं नाही. हे दात्ये सर पुण्यात दरवर्षी शिकवत असत. पण शिकवणं वेगळं. मंदावता मंदावता मोटर नेमकी त्या आकड्याशी आली होती, समोर चारही बोल्ट शहाण्यासारखे स्वस्थ दिसत होते, आणि विद्यार्थी स्वच्छ मराठीत सांगत होता की ती थांबून राहिली आहे. सर नंबरप्लेट वाचायला खाली वाकले.

पुढचं सगळं फार पटकन झालं. टायचं टोक बोल्टनं उचललं. सरांनी "अं?" असं एकदा म्हटलं, आणि त्यांची मान विषय जवळून समजून घ्यावा तशी मोटारीकडे निघाली. भैय्याजींनी चाकू काढला आणि एका झटक्यात टाय गळ्यापासून चार बोटांवर कापला. उरलेला टाय कपलिंगभोवती गुंडाळून फिरत राहिला. तोवर शालिकरामनं, शिकवल्याप्रमाणे, घड्याळ बंद केलं नव्हतं. एरवी एक्केचाळीस सेकंद घेणारी मोटर सतरा सेकंदांत थांबली.

"तू म्हणालास थांबून राहिली!" दात्ये सर ओरडले.

"थांबूनच राहिली होती नं सर! आता थांबली!"

पन्नासपैकी सात मार्क मिळाले. टायचा तुकडा भैय्याजींनी कपाटात ठेवला. त्याला दोऱ्यानं कागद बांधून लिहिलं: जोडी नं. ४, सुटा भाग.

राहता राहिली तिसरी संधी, एप्रिल शहात्तर. ती शेवटची होती. या वेळी उडाला तर अख्खं तिसरं वर्ष पहिल्यापासून. तेही शालिकरामनं सोसलं असतं, पण मधे कृष्णकांत होता.

कृष्णकांत हा त्याचा चुलतभाऊ. जन्मापासून शालिकरामच्या बरोबर एक वर्ष मागे, आणि आपली जागा ओळखून राहणारा. शालिकरामनं टाकलेले सदरे त्यानं घातले, टाकलेली पुस्तकं वाचली आणि शेवटी त्याच कॉलेजात आला. आता तो तिसऱ्या वर्षात येऊन शालिकरामच्या शेजारच्या टेबलावर, जोडी नंबर पाचवर प्रॅक्टिकल देणार होता, आणि देऊन पुढे जाणार होता. कॉलेजात पद्धत अशी की वरच्या वर्षाच्या मुलाला 'सर' म्हणायचं. म्हणजे जून उजाडला की ज्याचं नाक शालिकरामनं स्वतःच्या बाहीनं पुसलं, त्याला 'कृष्णकांत सर' म्हणायचं.

"मी नाही म्हणू देणार गा दादा," कृष्णकांत कळवळून म्हणाला.

"तू काय नाही म्हणू देणार? अजून झालो का मी नापास?"

"नाही नं. मी आपलं सांगून ठेवून राहिलो."

"ते राहिलो-राहिलो बंद कर पहिले!"

कारण बंद करायचं ठरलंच होतं. शालिकराम प्रताप नगरात पुष्पलताबाईंच्या घरी मागची खोली घेऊन होता. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, माहेरच्या पुण्याच्या, आणि चाळीस वर्षं नागपुरात काढूनही एक शब्द इकडचा न लागू दिलेल्या. टायची हकीगत ऐकून त्या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला.

"शालिकराम, आजपासून एक नियम. तू माझ्या खोलीत राहतोस. एवढंच राहायचं. बाकी काहीही करून राहायचं नाही."

मग रोज संध्याकाळी कूलरच्या समोर बसून शिकवणी. मोटर फिरते आहे. मोटर थांबते आहे. मी रीडिंग घेतो आहे. शालिकराम म्हणे, आणि प्रत्येक 'आहे'ला त्याला कोणाच्या तरी लग्नात उसन्या कोटात उभं राहिल्यासारखं वाटे. एकदा त्यानं वैतागून विचारलं, "बाई, मग 'थांबून राहिली' हे तुमच्याकडे म्हणतच नाही का?"

"म्हणतो ना. थांबली ती थांबलीच, जागची हलत नाही, तेव्हा म्हणतो. स्टेशनात गाडी दोन तास थांबून राहिली."

हे शालिकरामनं वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं नसतं तर परीक्षेतला अर्धा तास वाचला असता.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून झळा. लॅबच्या खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्या केव्हाच सुकल्या होत्या. त्यांच्यावर पाणी मारण्याचं काम भैय्याजींचं होतं आणि भैय्याजी डबा हलवण्यात गुंतले होते. शालिकरामनं चिठ्ठी काढली. रिटार्डेशन टेस्ट. जोडी नंबर चार.

"भैय्याजी!"

"मी काय करू गा? तिले तूच आवडते."

परीक्षक दात्ये सरच होते. पण हे दात्ये सर वेगळे होते. बुशशर्ट घातलेला, गळा मोकळा. शिवाय डिसेंबरात त्यांनी आपली मुलगी चक्क नागपुरात, धरमपेठेत दिली होती. लग्न ठरल्यापासून व्याह्यांच्या बोलीनं त्यांचा जीव खाल्ला होता. व्याह्यांनी तार केली, "आम्ही येऊन राहिलो." ते पुण्यात उतरलेही समजून यांनी त्यांच्या घरी उलट तार केली, "कुठे उतरलात?" तेव्हा व्याही अजून वर्ध्याला पोचायचे होते. पुढे जावयानं पहिल्या पंगतीत "मी जेवून राहिलो" म्हटलं, आणि बिचाऱ्याचं जेवण राहिलं समजून सासूबाईंनी त्याच्या पानात पुन्हा पहिल्यापासून सगळं वाढलं. चार महिन्यांत दात्ये सरांनी तो 'राहिलो' पुरता आत्मसात केला होता, आणि नवीन चप्पल घालणाऱ्यासारखे ते कुठे चालायला मिळतं याची वाट बघत होते.

म्हणजे स्थिती अशी. नागपूरचा विद्यार्थी पुण्याची मराठी शिकून आला होता. पुण्याचा परीक्षक नागपूरची. दोघांनीही एकमेकांना याची सूचना दिलेली नव्हती.

शालिकरामनं जोडण्या केल्या, तपासल्या, मुख्य स्विच मारला आणि स्टार्टरचं हँडल हळूहळू पुढे सरकवलं. काही नाही. हँडल सोडलं, ते टकदिशी मागे आलं. पुन्हा सरकवलं. नंबर चार बसलेल्या म्हशीसारखी ढिम्म. बाकीच्या पाच जोड्या एवढ्या जोरात गरगरत होत्या की खरं काय ते कानाला कळायला वाव नव्हता. शेजारी कृष्णकांतची नंबर पाच गुणी मुलीसारखी चालत होती.

"दादा, होऊन नाही राहिलं काय?"

"बोलू नको माझ्याशी त्या भाषेत!"

शालिकरामनं स्विच पाडला आणि मोटारीशी वाकला. तेवढ्यात मागे चाहूल. दात्ये सर आले आणि कपलिंगपासून मोजून तीन हात लांब, हात पाठीशी बांधून उभे राहिले.

"काय करून राहिलास?" त्यांनी प्रेमानं विचारलं.

शालिकराम गडबडला. बाईंकडे पाठ केलेलं वाक्य होतं 'मोटर थांबते आहे', पण मोटर थांबत नव्हती, ती सुरूच झाली नव्हती. यासाठी वाक्य? मग त्याला वही आठवली. स्टेशन. दोन तास. जागची हलत नाही. तो ताठ उभा राहिला आणि शुद्ध पुणेरी मराठीत म्हणाला, "सर, मोटर थांबून राहिली आहे."

दात्ये सरांचा चेहरा उजळला. "वा! थांबून राहिली! कळलं, कळलं." आणि त्यांनी खिशातलं घड्याळ काढून दाबलं.

शालिकराम त्या घड्याळाकडे बघत राहिला.

"सर..."

"बोलू नकोस. मोजू दे."

"सर, ती फिरत नाही आहे."

"दिसत नाही आहे," दात्ये सर म्हणाले, आणि बोट वर करून ट्यूबलाइटकडे दाखवलं. "स्थिर दिसतात बोल्ट. दिवाळीत फसलो एकदा. आता नाही फसणार. मागे हो."

एक मिनिट झालं. सर एकटक बोल्टकडे बघत होते. बोल्ट सरांकडे.

"व्होल्टमीटर शून्य दाखवतोय," सर म्हणाले.

"तो नेहमीच काही ना काही दाखवते साहेब," भैय्याजी म्हणाले. ते ताट्यांवर पाणी मारायला निघाले होते, पण हे बघून बादलीसकट थांबले.

दोन मिनिटं. सरांच्या कपाळावर घाम आणि कौतुक दोन्ही जमायला लागलं. "पुण्याला एवढ्या आकाराचं यंत्र मिनिटाच्या आत थांबतं. काय बेअरिंग्ज असतील! जुनं काम ते जुनं काम."

"सर, मी काय म्हणतो आहे, की ती थांबून राहिली आहे."

"हो रे बाबा. राहू दे ना. घाई काय आहे?"

तीन मिनिटं. शालिकरामच्या डोळ्यांपुढून कृष्णकांत सर गेले. हातात वही, डोळ्यांवर चष्मा, मागून ज्युनियर शालिकराम 'सर, सर' करत. एका बाजूला खरं बोलणारा तो, एका बाजूला खरं दाखवणारी मोटर, आणि मधे एक विद्वान माणूस, जो दोघांचंही ऐकायला तयार नाही, कारण त्यानं अभ्यास केला आहे. पाच महिने कूलरपुढे बसून पाठ केलेलं सगळं शालिकरामच्या गळ्याशी आलं आणि तिथून उलटं फिरलं.

"थांबून नाही राहिली हो सर!" तो ओरडला. "थांबून राहिली! तुमच्यावाली थांबून राहिली, आमच्यावाली नाही! काहून उभे राहून राहिले तुम्ही तिच्यासमोर? ते सुरूच नाही झाली नं बाप्पा!"

आणि त्यानं हात पुढे करून कपलिंगवर ठेवला.

लॅबमध्ये "अग्गं" झालं. कृष्णकांतनं डोळे मिटले. भैय्याजींची बादली पडली आणि चाकू बाहेर आला, मग त्यांच्या लक्षात आलं की हा टाय नाही, हात आहे, आणि कुठून कापायचं याचा त्यांना क्षणभर प्रश्न पडला. पण हात जिथे ठेवला तिथेच होता. पाच बोटं. चार बोल्ट. सगळे जागच्या जागी.

दात्ये सरांनी घड्याळ बंद केलं. तीन मिनिटं अठरा सेकंद. ते त्यांनी सवयीनं लिहूनही घेतलं, मग खोडलं.

"थांबलेली आहे," ते म्हणाले.

"सकाळपासून सर."

सांडलेलं पाणी दात्ये सरांच्या चपलेपर्यंत आलं. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि कोरड्या आवाजात म्हणाले, "ठीक. का सुरू होत नाही? हीच तुझी तोंडी परीक्षा. सांग."

आता एवढा तमाशा झाल्यावर शुद्ध बोलून काय वाचणार होतं? शालिकराम वैतागाच्या त्या पलीकडच्या काठावर पोचला होता जिथे माणसाला एकदम सगळं सोपं दिसतं. शिवाय नंबर चारशी तीन परीक्षांचा संसार झाला होता. तिच्या खोडी त्याला तिच्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक होत्या.

"ब्रश अटकून राहिला असन सर." ब्रश म्हणजे फिरत्या कम्युटेटरला टेकून त्याला वीज पोचवणारी कार्बनची वडी.

"अटकून राहिला," दात्ये सर सावधपणे म्हणाले. "म्हणजे अटकतो आहे, की अटकलेला आहे?"

"दोन्ही सर. थोडा अटकला, बाकीचा अटकून राहिला. डाव्या बाजूचा. कार्बनची भुकटी जमते घरात, मंग ब्रश खालीच सरकत नाही, कम्युटेटरले टेकतच नाही. टेकला नाही त वीज जाईन कुठून? आता पाहा."

मुख्य स्विच पडलेलाच आहे, हे त्यानं आधी पुन्हा बघितलं, आणि त्यानं बघितलं हे दात्ये सरांनी बघितलं. मग त्यानं स्प्रिंग उचलली, ब्रश बाहेर ओढला, पँटच्या खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून घासला, ब्रशच्या घरात फुंकर मारली. काळी भुकटी उडून सरांच्या बुशशर्टावर बसली. ब्रश परत टाकला, तो खालपर्यंत गेला. स्विच. हँडल. नंबर चार कण्हली, गुरगुरली आणि पळायला लागली. हँडल सोडलं तर जागीच चिकटून राहिलं.

"खिशात पॉलिश पेपर घेऊन परीक्षेला येतोस?"

"हिच्यासाठीच आणतो सर. पेन विसरन एखाद्या वेळेस."

"बरं. आता चालू असताना हिचं फिल्ड मधेच तुटलं तर?"

"पळून जाईन."

"म्हणजे?"

"म्हणजे वेग वाढतच जाईन सर. ओझं नाही, फिल्डचं चुंबक नाही, तिले धरणार कोण? तुकडे होतपर्यंत वाढन."

"हे पुस्तकातलं झालं. प्रत्यक्षात पाहिलं आहेस?"

"वर पाहा सर," शालिकराम म्हणाला.

दात्ये सरांनी वर पाहिलं. सिमेंटच्या छपराला ताटलीएवढं भोक होतं आणि त्यातून उन्हाची तिरीप जोडी नंबर तीनवर पडत होती.

"त्रेसष्ट साली," भैय्याजी अदबीनं म्हणाले. "ते तीन नंबर नवीन आहे साहेब. जुनी तिथून गेली."

दात्ये सर त्या तिरिपीपासून एक पाऊल मागे सरकले आणि टेस्ट सुरू करायची खूण केली. शालिकरामनं वीज तोडली, घड्याळ दाबलं, आणि या वेळी 'थांबते आहे' की 'थांबून राहिली' हे कोणीच कोणाला सांगितलं नाही. तिघं बोल्टांकडे बघत उभे राहिले. एक्केचाळीस सेकंद लागले. शेवटी सरांनी स्वतःच्या बोटानं, अगदी टोकानं, कपलिंगला शिवून खात्री केली.

जाताना ते भैय्याजींजवळ थांबले. "तो टाय आहे का अजून?"

"कपाटात आहे साहेब. देऊ?"

"नको. मुलीला दाखवायचा होता. राहू द्या."

भैय्याजींना नेमकं काय करायचं ते कळलं नाही, म्हणून त्यांनी काहीच केलं नाही.

निकाल मेच्या शेवटी लागला. बोर्डापुढे एवढी गर्दी की शालिकरामला आत घुसता येईना, म्हणून किडकिडीत कृष्णकांतला त्यानं माणसांच्या काखांखालून आत सोडलं. बऱ्याच वेळानं आतून आरोळी आली.

"दादा! तू पास होऊन..."

आणि गर्दीनं त्याला दाबला. आवाज बंद. शालिकरामचं काळीज नंबर चारसारखं झालं, हँडल सरकवलेलं आणि आतून काही नाही.

"होऊन काय बे?" तो गर्दीवरून ओरडला. "होऊन काय? वाक्य पूर्ण कर!"

"...गेला! होऊन गेला नं गा! पन्नासात वीस!"

वीसच लागत होते. तोंडी परीक्षेच्या रकान्यात दात्ये सरांनी पैकीच्या पैकी दिले होते, आणि बाकी ठिकाणी, तीन मिनिटं अठरा सेकंदांचे असावेत, कापले होते. कृष्णकांतला एक्केचाळीस मिळाले. आता दोघं एकाच वर्षात होते आणि कोणी कोणाला सर म्हणायचं नव्हतं.

संध्याकाळी पुष्पलताबाईंनी बर्फी दिली आणि पोस्टकार्डही दिलं. मजकूर त्यांनीच सांगितला, कारण यश शुद्ध भाषेत कळवलं पाहिजे असं त्यांचं मत होतं. "तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. कळविण्यास अत्यंत आनंद होतो की मी उत्तीर्ण झालो आहे."

पाच दिवसांनी रुपरावांचं उत्तर आलं.

"तुझं कार्ड भेटलं. अक्षर तुझं हाये, बोलणं तुझं नाही. कोणाच्या धाकानं लिहिलं? मागच्या वर्षापासून पास होऊन राहिलो म्हणत होता, ते समजत होतं. आता हे एकदम काय होऊन राहिलं? तुही माय रडून राहिली. खरं काय ते लिही. पंप पुन्हा थांबला."

शालिकरामनं कार्ड दोनदा वाचलं. मग पुष्पलताबाईंचं दार बंद आहे असं पाहून त्यानं नवीन कार्ड घेतलं आणि मांडीवर ठेवून लिहिलं:

"बाबा, मायले सांगा, पास होऊन राहिलो होतो, ते आता होऊन गेलो. पंपाले हात नका लावू. ब्रशबिश नसते त्याले, दुसरीच काही भानगड असन. मी येऊन राहिलो."

कार्ड पेटीत टाकलं, आणि खरंच निघाला.